थोरला पालथा होता तोवर

गावाचं नाव मी सांगणार नाही. आधीच सांगून ठेवतो, म्हणजे मध्येच कोणी विचारायला नको. पोलादपूरच्या पुढे एवढंच पुरे. कुडपणच्या अंगाला की आंबेनळी घाटाच्या अंगाला, तेही विचारू नका. माणसांची नावंसुद्धा मी बदलली आहेत. माझं तेवढं खरं ठेवलंय, कारण माझ्याजवळ झाकण्यासारखी अब्रू आता उरलेली नाही.

मी कमलाकर. एकतीस वर्षं पोलादपुरात हायस्कुलावर मराठी आणि इतिहास शिकवला. आता महाडात चवदार तळ्यापासून दोन गल्ल्या सोडून राहतो. पोरं मला पाठीमागे ‘शब्दकोश’ म्हणायची आणि मला ते कळायचं. राग यायचा असं दाखवायचो, पण खरं सांगू? मला ते फार आवडायचं. कुठलाही शब्द द्या, तो कुठून आला, कसा झिजला, कोणाच्या तोंडून गेला, हे सांगितल्याशिवाय मला घास गिळवत नसे. त्या खोडीनंच घात केला.

बुद्धरत्न माझा जुना विद्यार्थी. महाडातच एका कचेरीत कारकून आहे. दर वीस मार्चला तळ्यावर माणसांचा समुद्र लोटतो, रस्ते बंद होतात, तेव्हा तो आपली मोटरसायकल माझ्या अंगणात लावतो. माझी बायको विनीता त्याला पोहे दिल्याशिवाय सोडत नाही. यंदा पोहे खाता खाता तो सहज बोलून गेला, “सर, आमच्या बौद्धवाडीच्या पाणवठ्यावर धुण्याचा एक लांबडा दगड आहे. लहानपणी मी त्याच्याखाली हात घालायचो, तर बोटांना शिंगं लागायची.”

“शिंगं? दगडाला?”

“कोरलेली, सर. गाईची असतात तशी.”

विनीतानं कपाळावर हात मारला. “झालं! आता यांना जेवण नको नि पाणी नको.”

तिचं काय चुकलं? दोनच दिवसांनी मी वाडीत हजर. वरच्या अंगाला गाव, गावाचं देऊळ. खाली उतारावर वाडी. आणि वाडीच्याही खाली, आंब्याच्या झाडापाशी, पाणवठा. बुद्धरत्नचे आजोबा श्रीपतबाबा ऐंशीच्या घरातले, वाळून काटकी झालेले. त्यांची बायको जानकीबाई तेवढीच खणखणीत. मी गेलो तेव्हा ती धुणं घेऊन आली होती. दगड पुरुषभर लांब, कपडे आपटून आपटून गुळगुळीत झालेला. तिनं ओंजळभर पाणी त्याच्यावर शिंपडलं, हात टेकला, म्हणाली, “थोरल्या, सोस रे,” आणि मग पहिलं लुगडं आपटलं.

“हे काय म्हणालात?” मी विचारलं.

“म्हन्तात तसं. माझी सासू म्हनायची, तिची सासू म्हनायची.”

मी वहीत टिपून घेतलं: ‘मनोरंजक लोकाचार.’ मनोरंजक! ती वही अजून आहे घरात. तो शब्द दिसला की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

मी म्हणालो, दगड उलटू या. बुद्धरत्ननं चार पोरं गोळा केली, पहारी आणल्या. श्रीपतबाबा मध्ये येऊन उभे राहिले.

“नको गुरुजी. हाय तसा ऱ्हाऊ दे.”

“का हो बाबा?”

“नको म्हन्तो ना.”

जानकीबाईनंही तेच सांगितलं, “उलटू नका गुरुजी, तुमच्या पाया पडते.” पण का ते दोघांपैकी कोणीच सांगेना. आणि मी, एकतीस वर्षं खडू झिजवलेला शहाणा, मी काय केलं असेल? मी त्यांना भाषण दिलं. म्हटलं, बाबा, ही अंधश्रद्धा, आणि तीही तुमच्या वाडीत? ज्यांनी देव-देव्हारे सोडले त्यांनी दगडाला भ्यायचं? बाबा बाजूला झाले. परक्या माणसाला मनातलं सांगायची त्यांना सवय नव्हती, आणि मी परकाच होतो हे मला तेव्हा कळलं नाही.

पहारी लागल्या, दगड उलटला.

इतकं कोरीव, इतकं धड राहिलेलं काम मी कुठे पाहिलं नव्हतं. पालथा होता म्हणून ऊनपाऊस लागलाच नव्हता. खालच्या चौकटीत तीन गाई, आणि त्यांच्या पुढे एकटा माणूस. घोडा नाही, ढाल नाही, तलवार नाही. खांद्यावर कांबळं आणि हातात काठी, काठीच्या टोकाला घुंगरं. समोरून चौघे भालेवाले चाल करून येताहेत. मधल्या चौकटीत त्याला दोन अप्सरा हाताला धरून वर नेताहेत. वरच्या चौकटीत तो शिवलिंगापुढे हात जोडून बसलाय. आणि अगदी वर सूर्य आणि चंद्रकोर.

“वीरगळ!” मी ओरडलोच. “अरे, हा वीरगळ आहे!”

पोरांनी विचारलं म्हणजे काय, आणि मला तेवढंच हवं होतं. तिथेच बांधावर बसून मी तास घेतला. म्हटलं, वीर म्हणजे वीर, आणि यातल्या ‘गळ’चा आपल्या गळ्याशी संबंध नाही. कानडीत दगडाला ‘कल्लु’ म्हणतात. वीराचा कल्लु, तो वीरगल्लु. कानडी बोलणारे राजे या मुलखापर्यंत राज्य करत होते, त्यांच्या माणसांबरोबर शब्द इकडे आला आणि आपल्या तोंडात वीरगळ झाला. गावासाठी, गुरांसाठी, बाईमाणसांच्या अब्रूसाठी जो लढता लढता मेला, त्याच्या नावानं हा दगड उभा करायचा. आणि सूर्य-चंद्र का? तर ते आहेत तोवर याची आठवण राहो. मग मी काठीवर बोट ठेवून म्हणालो, “ही घुंगरकाठी वेसकराची. वेशीवर राखण करणाऱ्याची, आणि ते काम पूर्वी तुमच्या वाडीकडे. म्हणजे हा कोण? तुमचाच पूर्वज!”

पोरांचे चेहरे असे फुलले की काय सांगू. बुद्धरत्नच्या डोळ्यांत पाणी आलं. श्रीपतबाबा तेवढे हलले नाहीत.

“कानडीत काय नि मराठीत काय, दगूडच ना?” ते म्हणाले. “मंग आता परत पालथा करा.”

मी हसलो. देवाशपथ सांगतो, मी हसलो. “बाबा, असा ठेवा जमिनीत तोंड खुपसून ठेवतात का?”

त्या आठवड्यात मी महाडच्या एका साप्ताहिकात लेख लिहिला. फोटो दिले. गावाचं नाव दिलं, वाडीचं दिलं, आंब्यापासून किती पावलं तेही दिलं. मथळा माझाच: ‘वीराचा दगड बोलू लागला’. वेसकराची काठी वगैरे मी दुसऱ्या परिच्छेदात लिहिलं होतं. पण दुसरा परिच्छेद कोण वाचतो? फोनवर लोकांनी फिरवला तो फोटो आणि मथळा.

एप्रिलच्या पंधरा तारखेला दुपारी बुद्धरत्नचा फोन. “सर, थोरल्याला नेला.”

वरच्या गावात देवळाचा जीर्णोद्धार चालू होता. देवस्थान समितीचा अध्यक्ष राजेंद्रशेठ. मुंबईत त्याचा ट्रान्सपोर्टचा धंदा. ट्रॅक्टर घेऊन वीस माणसं खाली उतरली, सोबत ढोल आणि हार. श्रीपतबाबा दगडावर जाऊन बसले. कोणी शिवी दिली नाही, कोणी हात उगारला नाही. राजेंद्रशेठ म्हणाला, “बाबा, टेन्शन नका घेऊ, देवळात चाललाय, तुमचाच मान हाय,” आणि दोघांनी बाबांना काखेत हात घालून उचललं, लहान पोराला बाजूला ठेवावं तसं बांधावर ठेवलं. दगडावर गोमूत्र शिंपडलं, दुधानं धुतला, ट्रॅक्टरवर चढवला. बुद्धरत्न तेव्हा कचेरीत होता, आणि वाडीतली निम्मी माणसं कामाला बाहेर.

मी धावत गेलो. बाबा ओटीवर भिंतीला टेकून बसले होते. म्हटलं, “बाबा, माझं चुकलं.”

तेव्हा त्यांनी सांगितलं. आधी सांगितलं असतं तर, असं म्हणायची माझी लायकी नाही; मी विचारलं होतं, ऐकलं नव्हतं.

“दोन व्हते गुरुजी,” ते म्हणाले. “जोडीला जोडी. माझा आजा ल्हान व्हता तवा खोताची मानसं आली. देवलाला पायरी पायजे, म्हनून त्यातला एक उचलला. चित्राची बाजू खाली घालून बसवला, वरून लोकांचे पाय. आमाला तर देवलात जायाची बंदी. आज्याचा बा लांबून बघायचा, आपल्या मानसावरून गाव चालतंय. मंग त्यानं दुसरा पालथा केला नि बायकांना सांगितलं, ह्याच्यावर धुनी धुवा. आमच्या धुन्याचं पानी पडलेल्या दगडाला त्या काळात कोन शिवनार? कोन नाय. तेवढ्यावर तो वाचला. बायका त्याची माफी मागायच्या नि कपडे आपटायच्या. मला बापानं सांगितलेलं, तू हायस तवर त्याचं तोंड कोनाला दाखवू नको.”

थोरल्या, सोस रे. माझ्या वहीतला मनोरंजक लोकाचार! शंभर-सव्वाशे वर्षं एका वाडीनं आपल्या माणसाला स्वतःवरच्या विटाळात लपवून ठेवलं होतं, आणि मी एका दुपारी शब्दाचा अर्थ सांगून त्याला बाहेर काढला.

“तो परत येईल का गुरुजी?” बाबांनी विचारलं. “माझा काय भरवसा नाय. तो आला की मी जायला मोकळा.”

मी शब्द दिला. आणीन म्हणालो.

त्यानंतरचा महिना मी कसा काढला ते विनीताला विचारा. राजेंद्रशेठकडे चार खेपा घातल्या. त्यानं दर वेळी चहा दिला, सरबत दिलं आणि माझाच लेख लॅमिनेट करून भिंतीला लावलेला दाखवला. “सर, तुम्हीच लिहिलंय ना, वीर म्हणून? आमच्या घराण्यात सरदार होऊन गेले, ही फॅमिली हिस्ट्री हाय.”

“अहो, सरदाराच्या हातात घुंगरकाठी असते का?”

“दगड झिजलाय सर. नीट बघा, तलवारच हाय ती.”

“झिजलेला नाही! पालथा होता म्हणूनच झिजलेला नाही!”

“मंग पालथा कोणी ठेवला? हीच का रिस्पेक्ट?”

मी चहा तसाच ठेवून उठलो. बुद्धरत्न अर्ज घेऊन या टेबलावरून त्या टेबलावर फिरला. सगळीकडे एकच सवाल: दगड कोणाच्या नावावर आहे? पाणवठ्याची जागा सरकारी, दगडाचा सातबारा नाही, ठेवा म्हणून कुठे नोंद नाही. मी पुरातत्त्ववाल्यांना तीन पत्रं पाठवली, एकाचंही उत्तर आलं नाही. मुंबईहून सुट्टीला आलेली वाडीतली पोरं म्हणाली मोर्चा काढू. म्हातारी माणसं म्हणाली, तुम्ही मुंबईला परत जाल, इथं राहायचंय आम्हाला. दोघांचंही खरं होतं. आणि दर दोन दिवसांनी बुद्धरत्नच्या फोनवरून बाबांचा आवाज: “गुरुजी, काय झालं?” बाबांनी जेवण सोडल्यासारखंच होतं. पेज तेवढी घ्यायचे. मला घरी घास उतरेना. मी विनीतावर उगाच ओरडायचो, मग मागच्या दारी जाऊन रडायचो. हो, रडायचो, लाज कसली.

मे महिन्यातला दुसरा रविवार प्रतिष्ठापनेला ठरला, चाकरमानी गावी येतात म्हणून. पत्रिकेत प्रमुख पाहुणा म्हणून माझं नाव, ‘ज्येष्ठ इतिहास संशोधक’. मला न विचारता छापलेलं. विनीता म्हणाली, “जाऊ नका.” मी म्हटलं, जाणार. माइक हातात येईल, सगळं गाव समोर असेल. तिथं सांगणार. हा वेसकर आहे, वाडीचा आहे, त्याला परत खाली पोचवा. बाबांनाही तसा निरोप धाडला: या, मंडपाबाहेर का होईना, उभे राहून ऐका.

देवळाची पार कळा बदललेली होती. जुन्या काळ्या पायऱ्या काढून गुळगुळीत ग्रॅनाइट लावलेला. मंडपात चौथऱ्यावर थोरला उभा केलेला, त्याच्यावर भगवं कापड. मी घामाघूम होऊन पोचलो तोवर कापड ओढलंच.

त्याच्या हातात तलवार होती.

कुठून तरी कारागीर आणून काठी छिनून काढली होती. घुंगरांच्या जागी तलवारीची मूठ. खांद्यावरचं कांबळं तासून पाठीवर ढाल केलेली. गाई तेवढ्या तशाच. वरून सगळ्याला चंदेरी ऑइलपेंट. सूर्य-चंद्रालासुद्धा! आणि खाली संगमरवरी पाटी: ‘वीरगळ म्हणजे वीराचा दगड’, आणि त्याखाली माझं नाव.

मी माइक धरला. “ही तलवार खोटी आहे,” मी म्हणालो, “याच्या हातात काठी होती, हा तुमचा सरदार नाही, हा…” तेवढ्यात माइक बंद. मी ओरडत राहिलो, पण ढोल सुरू झाले. राजेंद्रशेठनं मला खांद्याला धरलं, हसत हसत कोणाला तरी म्हणाला, “सर इमोशनल झाले, ऊन लागलं असेल,” आणि माझ्या अंगावर शाल टाकली, हातात नारळ दिला. फोटो काढले. मी शाल फेकायला हवी होती. नाही फेकली. का नाही फेकली? दोनशे माणसं टाळ्या वाजवत होती, आणि माझे हात नारळात अडकलेले होते. एवढंच कारण. इतकं फुटकळ कारण.

मंडपाच्या बाहेर, उन्हात, श्रीपतबाबा उभे होते. बुद्धरत्नच्या खांद्याला धरून चढण चढून आले होते. त्यांना माझा एकही शब्द ऐकू गेलेला नव्हता. त्यांनी बघितलं ते एवढंच: थोरल्याच्या हातात तलवार, आणि माझ्या अंगावर शाल. ते वळले आणि उतरू लागले. मी नारळ टाकून धावलो, हाका मारल्या, पण गर्दीतून वाट मिळाली तोवर ते वाडीच्या वळणाला गेले होते. बुद्धरत्ननं मागे बघून मला हातानंच थांबवलं.

नऊ दिवसांनी बाबा गेले.

पुण्यानुमोदनाला मी गेलो. मला कोणी बोलावलं नव्हतं, कोणी हाकललंही नाही. बुद्धरत्ननं खुर्ची दिली, पाणी दिलं, बोलला नाही. वंदना झाली, माणसं जेवायला बसली. मला तिथं बसवेना. उठलो आणि पाय नेतील तिकडे खाली पाणवठ्यावर गेलो. म्हटलं, रिकामी जागा तरी बघावी.

जागा रिकामी नव्हती.

तिथं दुसरा दगड होता. काळा, लांबडा, मधोमध पावलांनी झिजून खोलगट झालेला. त्याच्यावर साबणाचा फेस अजून होता. मी आजूबाजूला पाहिलं. ओढ्याच्या काठाला देवळाच्या जुन्या पायऱ्यांचा ढीग पडलेला, ट्रॅक्टरनं ओतून टाकलेला. राडारोडा म्हणून. ग्रॅनाइट आल्यावर त्यांना या दगडांचं काय काम?

मी गुडघ्यावर बसलो, चोरासारखा मागेपुढे बघितलं आणि दगडाखाली हात घातला. गार चिखल. मग बोटांना शिंगं लागली.

“काय लागलं हाताला, गुरुजी?”

जानकीबाई मागे उभी होती. पांढरं लुगडं, काखेत धुण्याची बादली. तिचा चेहरा असा होता की मला वर बघवेना. त्या एका क्षणात माझ्या जिभेवर सगळं येऊन उभं राहिलं: हा जोडीतला दुसरा, याच्याही हातात काठी असेल, याचा फोटो घेतला तर सिद्ध होईल, त्यांना दाखवता येईल, लिहिता येईल. लिहिता येईल! हात चिखलात, म्हातारा मातीत, आणि माझी खोड अजून जिवंत.

मी हात बाहेर काढला.

“काही नाही,” मी म्हणालो. “दगडच आहे.”

“दगूडच हाय,” ती म्हणाली.

ती हलली नाही. बादली काखेत तशीच. ती वाट बघत होती, आणि कशाची ते मला कळत होतं. माझ्या सदऱ्याच्या बाह्या कोपरापर्यंत चिखलानं भरल्या होत्या. मी सदरा काढला. बासष्ट वर्षांचा उघडा मास्तर, भर दुपारी, बौद्धवाडीच्या पाणवठ्यावर. वरच्या रस्त्यानं दोन मोटरसायकली गेल्या. त्यांनी बघितलं असेल तर बघू दे. मी ओंजळीत पाणी घेतलं, दगडावर शिंपडलं, हात टेकला.

“थोरल्या, सोस,” मी म्हणालो, आणि सदरा आपटला.